क्रीडांगणातील वानप्रस्थ

खेळ बालकांचा, पराक्रम तरुणांचा आणि हरिनाम वृद्धांचे, अशी वयोमानाची वाटणी आपण पिढ्यान् पिढ्या करून ठेवलेली आहे. पन्नाशी उलटलेला गृहस्थ पांढरा पोशाख करून व बॅट बगलेत मारून घराबाहेर पडला, तर शेजारी ओट्यावरून कौतुकापेक्षा विनोदानेच अधिक पाहतात. मग एके काळी ज्यांच्या नावाने मैदाने भरून जात, अशा खेळाडूंनी वार्धक्यात करावे तरी काय? मैदान सोडून द्यावे, की अंगात त्राण आहे तोवर धरून ठेवावे? प्रश्न वरवर खेळाचा दिसतो. परंतु ज्या घरात तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात, त्या प्रत्येक घरात तो या ना त्या रूपाने रोज उभा राहतो. म्हणून त्याचा विचार या पानांत करणे अप्रस्तुत होणार नाही.

आपल्या वाङ्मयात या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे आहेत. एक महाभारतातील ययातीचे. शापाने जरा प्राप्त होताच त्याने पुत्रांपुढे हात पसरला आणि धाकट्या पूरूचे तारुण्य उसने घेऊन स्वतः भोग भोगले. दुसरे कालिदासाच्या रघुवंशातील. रघूने राज्य अजाच्या हवाली केले व तो वनात जाण्यास निघाला; पुत्राने रडून विनवणी केली, तेव्हा त्याने वनगमन रहित केले, परंतु टाकलेली राजलक्ष्मी पुन्हा हाती धरली नाही. तो नगराबाहेर राहिला. हाक मारली तर ऐकू येईल इतका जवळ, आणि सिंहासनावर छाया पडणार नाही इतका दूर. वृद्ध खेळाडूंची चरित्रे पाहू लागले असता ययाती आणि रघू या दोन खुणांची मला पदोपदी आठवण होते.

पाश्चात्त्य देशांत गोल्फ म्हणून एक खेळ आहे. लहानसा चेंडू काठीने टोलवीत दूरवरच्या छिद्रात घालावयाचा, असे त्याचे स्थूल स्वरूप. धावपळ अल्प, नजर व संयम यांचे काम अधिक. त्यामुळे या खेळात वय इतर खेळांइतक्या लौकर आडवे येत नाही. स्कॉटलंडातील थोरला टॉम मॉरिस १८६७ साली वयाच्या ४६ व्या वर्षी ओपन स्पर्धा जिंकला. तिचा सर्वांत वयस्कर विजेता म्हणून आजही त्याचेच नाव घेतात. परंतु त्याची कीर्ती केवळ त्या विजयावर उभी नाही. सेंट अँड्र्यूज येथील मैदानाची निगा त्याने कित्येक वर्षे स्वतः राखली. जेथे आपण खेळलो, तेथे पुढच्यांना चांगले खेळता यावे म्हणून तो गवत आणि वाळू यांत राबला. अमेरिकेत जॅक निक्लॉस १९८६ साली ४६ व्या वर्षीच मास्टर्स स्पर्धा जिंकला. २००९ साली टर्नबेरी येथे ५९ वर्षांचा टॉम वॉटसन ओपन जिंकण्यास शेवटच्या छिद्रापर्यंत येऊन ठेपला होता. एक फटका अधिक लागला आणि बरोबरी सोडविण्याच्या जादा खेळात तो हरला. याच मास्टर्स स्पर्धेत १९६३ पासून एक मोठा गोड संप्रदाय चालत आला आहे. स्पर्धेचा पहिला फटका जुन्या, थकलेल्या मानकऱ्यांनी मारावयाचा व मग बाजूस होऊन तरुणांस वाट द्यावयाची. २०२२ पासून निक्लॉस, गॅरी प्लेअर आणि वॉटसन या तिघांनी मिळून तो मान सांभाळला. आपल्याकडे अक्षरारंभाच्या वेळी आजोबा नातवाचा हात धरून श्रीकार गिरवून घेतात आणि मग बोट सोडतात, त्यातलाच हा प्रकार.

परंतु या विषयातील खरा थोर दाखला शोधण्यास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. तो आपल्या पुण्यातच, आणि तोही एका संस्कृताच्या प्राध्यापकांच्या ठायी सापडतो. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले, आणि मैदानावर महाराष्ट्राला क्रिकेट शिकविले. १९११ च्या सुमारास ते मोठ्या सामन्यांत उतरले. १९२६ च्या अखेरीस गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ येथे आला असता मुंबईच्या सामन्यात अखिल हिंदुस्थानच्या बाजूने देवधरांनी १४८ धावा काढल्या. त्याच दौऱ्यात नागपूरच्या सी. के. नायडूंनीही हिंदू संघाकडून १५३ धावांची तुफानी खेळी केली होती. हिंदी खेळाडू इंग्रजांच्या तोडीस तोड उभे राहू शकतात, हे या सामन्यांनी दाखविले. १९२८ साली क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला.

त्या सामन्यात देवधर नव्हते. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते. ज्या इमारतीच्या पायात त्यांच्या हातचे दगड होते, तिच्या गृहप्रवेशास त्यांना बोलावणे आले नाही. आणि पुढेही त्यांना एकदाही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. एखाद्या सामान्य माणसाने येथे बॅट माळ्यावर टाकली असती आणि उरलेले आयुष्य ओसरीवर बसून निवड करणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडण्यात घालविले असते. तसे करण्यास कारणही पुरेसे होते.

देवधर महाराष्ट्राकडे वळले. हा प्रांत तेव्हा रणजी करंडकाच्या सामन्यांत बलाढ्य म्हणून गणला जात नव्हता. शेजारच्या मुंबईचा दिमाख मोठा. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९–४० आणि १९४०–४१ अशी सलग दोन वर्षे हा करंडक जिंकला. नायक सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा, आणि त्याच्या हाताखाली निम्म्या वयाची मुले! त्यांत सांगलीचे विजय हजारे होते, रंगा सोहोनी होते. १९३९–४० च्या हंगामात चोवीस वर्षांच्या हजाऱ्यांनी पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यातील हे त्रिशतक होते.

आता कोणी शंका काढील की, पन्नाशीला टेकलेला कप्तान संघात राहिला म्हणजे एका तरुणाची जागा अडलीच ना? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे. १९४०–४१ च्या हंगामात देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यांच्या आयुष्यातील ती सर्वोच्च धावसंख्या होती. १९४४ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, नवानगरविरुद्धच्या एकाच सामन्याच्या दोन डावांत त्यांनी १०५ आणि १४१ अशी दोन शतके केली. तात्पर्य, त्यांनी आपली जागा वडिलकीच्या मानावर राखली नव्हती, धावांवर राखली होती. ज्येष्ठाने स्थान धरावयाचे तर ते कामाने धरावे, वयाने नव्हे, हा यातून निघणारा पहिला धडा.

दुसरा धडा हजाऱ्यांच्या पुढील चरित्रात आहे. त्यांच्या घडणीचे श्रेय एकट्या देवधरांस देणे अन्यायाचे होईल. ऑस्ट्रेलियाचा जुना फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचेही मार्गदर्शन त्यांस लाभले होते. आणि योगायोग असा की तोही वयाने डावललेलाच! १९३५–३६ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात चव्वेचाळीस वर्षांच्या ग्रिमेटने पाच कसोटी सामन्यांत ४४ बळी घेतले, आणि त्यानंतर त्याला पुन्हा एकही कसोटी सामना मिळाला नाही. अशा दोन डावललेल्या वडीलधाऱ्यांचा सहवास लाभलेल्या हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासेस इंग्लंडविरुद्ध भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. देवधरांस जे दार बंद झाले, त्याच दारातून त्यांच्या हाताखाली खेळलेला तरुण विजयी होऊन बाहेर आला. वृद्धांचा प्रभाव म्हणतात तो हाच. तो त्यांच्या स्वतःच्या धावफलकावर दिसत नाही. पुढच्याच्या फलकावर शोधावा लागतो.

तिसरा धडा मैदान सोडल्यानंतरचा. देवधर पुढे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते. घरातही त्यांनी खेळाचे संस्कार मुलांपुरते ठेवले नाहीत. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्या १९४० च्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धांत चमकल्या. ज्या काळी मुलीने अंगणात दोरीवरच्या उड्या माराव्यात इतकाच तिचा खेळ समजत, त्या काळी एका पुणेरी प्राध्यापकाच्या मुली हाती रॅकेट घेऊन देशभर खेळत होत्या, ही गोष्ट आमच्या वाचकभगिनींनी खचित लक्षात ठेवावी. १९७३–७४ साली एकदिवसीय सामन्यांची विभागीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिला देवधर करंडक असे नाव दिले गेले. मौज अशी की, ज्या प्रकारचे क्रिकेट त्यांच्या उमेदीत जन्मासही आले नव्हते, त्यास त्यांचे नाव लागले. १९९१ साली पद्मभूषण हा बहुमान त्यांस मिळाला आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी वयाच्या एकशेएकाव्या वर्षी ते निवर्तले.

नायडूंनी मात्र वेगळी वाट धरली. १९४५–४६ साली, पन्नास वर्षांचे असता, होळकर संघाकडून रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध द्विशतक झळकाविले. आणि १९५६–५७ साली एकसष्टाव्या वर्षीही ते उत्तर प्रदेशाचे नेतृत्व करीत मैदानात उभे होते. हे तेज पाहून मान लवते. परंतु सर्वांनी असे करावे असे मी म्हणणार नाही. सिंहाचे अनुकरण सिंहानेच करावे.

येथे एक कडवट गोष्ट टाळता येत नाही. वय हे कधी कधी कारण नसून निमित्त असते. पळवणकर बाळू हे देवधरांच्याही आधीच्या पिढीचे श्रेष्ठ गोलंदाज. पुण्यास गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामे करीत त्यांनी ही विद्या संपादिली. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. इतके असूनही केवळ चर्मकार कुळात जन्मल्यामुळे हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांना वगळण्यात आले व त्यांच्या बंधूंनाही नेतृत्व नाकारले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघा भावांनी निषेध म्हणून माघार घेतली. अखेर १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्या वर्षी संघ विजयी झाला. मी मंगळवेढ्याचा रहिवासी. आमच्या गावचे कुसू बांधता बांधता चोखोबांनी देह ठेवला, आणि देवळाचे दार त्यांना जन्मभर बंदच राहिले. त्या गावच्या माणसाने बाळूंची कथा वगळून जुन्या खेळाडूंचे गुणगान करणे शोभणार नाही. देवधरांस वयाने अडविले, बाळूंस जन्माने. आणि दोघांनीही आपले ऋण पुढच्या पिढीच्या हातून वसूल केले, कुरकुर करून नव्हे.

आमच्या सोलापूर-कोल्हापूरकडे क्रिकेटच्या आधीपासून ही परंपरा तालमीत नांदत आली आहे. हौदाच्या कडेला बसलेला वस्ताद स्वतः फड मारीत नाही. पण पोरांचे जोर-बैठका मोजणारा, चुकलेला डाव धरून पुन्हा करावयास लावणारा, आणि जिंकलेल्या पठ्ठ्याच्या पाठीवर लाल मातीची थाप देणारा तोच असतो. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत अशीच पिढी मागून पिढी घडविली व २०१८ साली ते कैलासवासी झाले. हाक ऐकू येईल इतके जवळ आणि छाया पडणार नाही इतके दूर, ही रघूची जागा वस्तादाइतकी कोणास साधली असेल?

आता आपल्या घराकडे वळू. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवेना म्हणून सुनेस कोठीच्या दारात तिष्ठत ठेवणारी सासू आपण पाहिली आहे. जमाखर्चाच्या वहीस पन्नाशीतल्या मुलाला हात न लावू देणारे आजोबाही पाहिले आहेत. उलट, सत्तरी आली म्हणून ज्यांचे मत कोणी विचारीत नाही, ज्यांच्या हातचे सर्व काम प्रेमाने काढून घेतले आहे, आणि त्या प्रेमानेच जे दिवसेंदिवस वाळत चालले आहेत, असेही वृद्ध थोडे नाहीत. पहिल्या प्रकारात ययाती आहे; दुसऱ्यात देवधरांस चाळिशीत बाहेर ठेवणारी निवड समिती आहे. दोन्हींत घराचेच नुकसान होते.

म्हणून माझ्या वयाच्या बंधुभगिनींस एवढेच सुचवितो की, दर वर्षी वर्षप्रतिपदेस गुढी उभारून झाल्यावर स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. मी धरलेली जागा मी अजून कामाने भूषवितो आहे काय? आणि माझ्या शेजारी उभे असलेले तरुण माणूस गेल्या वर्षापेक्षा यंदा अधिक वाढले काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी येईल, तोवर पांढऱ्या केसांची लाज बाळगू नये. आणि तरुणांस सुचवितो की, ज्वारीची काढणी झाल्यावर रिकाम्या काळ्या रानात तुमचे डाव रंगतील, तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यास एखादे षटक टाकावयास बोलवा. चेंडू वाकडा पडेल कदाचित. पण तो कोठे व का वाकडा पडला, हे त्याच्याइतके नेमके तुम्हांस दुसरे कोणी सांगणार नाही.