जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

पहाटेचे साडेचार. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेली पिकअप नारायणगावच्या बाजाराला निघायच्या बेतात आणि मागचे चाक बसलेले. सीटमागून बाटली जॅक निघतो, उंची पुरत नाही म्हणून त्याच्याखाली एक वीट सरकते, दांडा पंधरा-वीस वेळा वरखाली झाला की चाक जमीन सोडते. आता गाडी वर आहेच, तर पाटा तुटलाय का तेही बघून घेऊ, म्हणून कोणीतरी मोबाइलचा उजेड घेऊन खाली सरकतो. ग्रामीण महाराष्ट्रात असे प्रसंग नवे नाहीत, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक कृतीमागे एक गैरसमज आहे.

सगळ्यांत जिवावरचा गैरसमज जॅकवर छापलेल्या आकड्याचा. ‘पाच टनांचा जॅक आहे, दोन टनांची गाडी सहज पेलेल.’ उचलेल, हे खरे. बाटली जॅकमध्ये लहान पंप थोडे थोडे तेल मोठ्या दट्ट्याखाली ढकलतो. द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकात पास्कलने मांडलेला नियम. त्याच्या जोरावर माणूस एका हाताने गाडी उचलतो. मात्र उचललेली गाडी मग उभी असते ती त्या तेलावर, आणि तेलाला अडवून धरतात ते एक सील आणि झडपेतली बारीकशी गोळी. सील झिजले किंवा झडपेत कचऱ्याचा कण अडकला की तेल मागे फिरते. कधी जॅक तासाभरात दोन बोटे खाली येतो, कधी एका दमात बसतो. छापलेला आकडा सांगतो तो सरळ उभ्या जॅकने किती वजन उचलायचे एवढेच. ते किती वेळ धरून ठेवायचे, याचे आश्वासन त्यात नाही.

म्हणून गॅरेजमध्ये गाडी उचलली की खाली स्टँड लावतात. कारागीर त्याला घोडी म्हणतात. त्यात तेल नाही, सील नाही, नुसते पोलाद आहे. जॅक हळूहळू सोडून गाडीचे वजन पूर्णपणे घोडीवर बसू द्यायचे, मग जॅक पुन्हा नुसता टेकवून ठेवायचा. खाली जाण्याआधी हौद्याला हाताने धक्का देऊन बघायचा. गाडी हलायचीच असेल तर ती आपण बाहेर असताना हललेली बरी.

घोडीही डोळे झाकून घेऊ नये. 2020 साली अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या दुकानसाखळीला तीन आणि सहा टनी स्टँड परत मागवावे लागले, कारण भार सरकला की त्यांचा खटका दात्यांवरून सुटण्याची शक्यता होती. बदली दिलेल्या स्टँडपैकी काहींत वेल्डिंगचा दोष निघाला आणि त्याच वर्षी तेही मागवावे लागले. खटक्याच्या स्टँडमध्ये खटका दात्यात पूर्ण बसला आहे का, हे वाकून बघावे. आरपार पिन घालायची घोडी मिळाली तर ती घ्यावी.

विटेचे काय? वीट किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक सपाट, सारखा पसरलेला भार उत्तम पेलतो. भिंती त्यावरच उभ्या असतात. पण जॅकचा तळवा किंवा ॲक्सलची कड एका ठिकाणी टेकली की तो तडकतो, तोही काहीही सूचना न देता. लाकूड आधी दबते, करकरते, वेळ देते. बैलगाडीच्या चाकांना पिढ्यान्‌पिढ्या बाभूळ वापरली गेली, ती उगाच नव्हे. बाभळीची किंवा सागाची जाड फळी जॅकखाली हवी. हिशेब साधा आहे. तळवा दहा सेंटिमीटर लांबरुंद असेल आणि त्यावर 800 किलो आले, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आठ किलो पडतात. तीस सेंटिमीटर लांबरुंद फळी घातली की तोच भार नऊपट जागेवर पसरतो आणि एका किलोच्याही खाली येतो. काळ्या मातीत तर हे विसरूच नये. पावसानंतर वरची खपली वाळून कडक दिसते, खाली चिखल तसाच असतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या डांबरातही जॅक एका बाजूने रुततो आणि तिरका होतो.

दुसरी खोटी खात्री म्हणजे, ‘गिअरमध्ये टाकलीय, हँडब्रेक ओढलाय, कुठे जातेय?’ पिकअपची ताकद मागच्या चाकांना मिळते आणि मध्ये डिफरन्शिअल असतो. मागचे एक चाक हवेत गेले की तो साधा डिफरन्शिअल जमिनीवरच्या चाकाला फिरू देतो. हवेतले चाक तेवढेच उलट फिरते. इंजिन जागचे हलतही नाही आणि गाडी सरकते. म्हणजे चाक उचलल्या क्षणी गिअरची पकड संपली. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या दोन चाकांनाच धरतो, त्यामुळे एक चाक वर गेले की निम्माच ब्रेक उरतो आणि दोन्ही वर गेली की काहीच नाही. विलिस बनावटीच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असे. तिथे मागचे एक चाक उचलले तरी तो निकामी.

आणि अंगण ‘सपाट’ असते ते डोळ्याला. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून दिलेला, मीटरमागे पाच सेंटिमीटरचा उतारही दोन टनांच्या गाडीला सुमारे शंभर किलोच्या जोराने खाली ओढतो. मागचे चाक उचलायचे तर पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, पाचरीसारखे तिरके ठोकळे घट्ट बसवावेत. गोल धोंडा घरंगळतो.

जॅक लावण्याची जागा गाडीच्या माहितीपुस्तकात दाखवलेली असते. एक चाक बदलायचे तर मागच्या ॲक्सलच्या नळीवर, पाट्याच्या जवळ लावणे बरे. चॅसिसला लावला तर पाटे सैल होत ॲक्सल खालीच राहतो, चाक सुटायला गाडी कितीतरी जास्त उंच न्यावी लागते आणि जितकी उंच तितकी ती डळमळते. हौद्याचा पत्रा आणि पायरी तर मुळीच नको.

भरलेल्या गाडीचा हिशेब वेगळा. बोलेरो पिकअपच्या 1.7 टी मॉडेलची वहनक्षमताच 1700 किलो आहे आणि हौद्यातला बराचसा भार मागच्या ॲक्सलवर येतो. क्रेट उतरवायला जो अर्धा तास लागेल तो लागू द्यावा.

नट मात्र चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, कारण हवेतल्या चाकावर पान्याला झटके दिले की गाडी जॅकवरून ढकलली जाते. शेवटचे आवळणेही चाक टेकल्यावर, समोरासमोरचे नट घेत.

सुटलेले चाक बाजूला न ठेवता चॅसिसखाली आडवे सरकवून ठेवावे. घोडीची जागा ते घेत नाही, पण गाडी कोसळलीच तर वीतभर जागा राहते.

पुढच्या वेळी तालुक्याच्या बाजारात गेलात की दोन घोड्या आणि दोन ठोकळे विकत घ्या, एक जाड फळी कापून घ्या आणि हे सगळे जॅकच्या शेजारीच ठेवा. ते हाताशी नसेल त्या दिवशी चाक बदला, पण गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका.