अणुपातळ पापुद्रा आणि त्याचे कवच

आदिलाबादकडच्या मराठी मुलांना शिसपेन्सिल नवी नाही. पण तिच्यात शिसे नसून ग्राफाइट असते, आणि त्याचे पापुद्रे सुटतात म्हणूनच कागदावर रेघ उमटते, असे सांगितले की वर्ग चकित होतो. याच ग्राफाइटला साधी चिकटपट्टी लावून, सोलत सोलत, मँचेस्टरच्या गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केला. २०१० चे नोबेल पारितोषिक त्यांना या थरावरील संशोधनाबद्दल मिळाले.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच जातकुळीचा दुसरा पदार्थ आहे: मॉलिब्डेनम डायसल्फाइड. यंत्रांना घालायच्या ग्रीसमध्ये मिसळतात ती काळसर भुकटी ती हीच. हा अर्धवाहक आहे. त्याचा एक थर म्हणजे मध्ये मॉलिब्डेनम व दोहों बाजूंस गंधक, अशी तीन अणूंची पोळी. जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. जाड स्फटिक जवळजवळ प्रकाशत नाही. तेथे उत्तेजित इलेक्ट्रॉनला प्रकाश देण्यासाठी स्फटिकाच्या कंपनांचे साहाय्य घ्यावे लागते. एकाच थरात ही अडचण उरत नाही. २०१० साली अमेरिकेतील दोन गटांनी दाखवून दिले, की असा सुटा थर तांबडा प्रकाश ठळकपणे देतो. पदार्थ तोच, केवळ पातळ झाल्याने त्याचा स्वभाव पालटला! मला तर यात रसायनापेक्षा नाट्य अधिक दिसते.

परंतु ज्याला पृष्ठभागावाचून दुसरे अंगच नाही, त्याला सारेच बाधते. हवेतील प्राणवायू व दमटपणा त्याला महिन्यांच्या अवधीत खराब करतात. कृष्ण-फॉस्फरससारखा त्याचा नाजूक भाऊबंद तर काही तासांतच बिघडू लागतो. खालच्या काचेचा खडबडीतपणा आणि तिच्यात अडकलेले विद्युत्भारही त्रास देतात. परिणामी, जो रंग रेखीव असावा तो पसरट, धूसर होतो.

यावर सापडलेला उपाय म्हणजे कवच. इंग्रजी शब्दापेक्षा हा कर्णाच्या कथेतला शब्द मला अधिक नेमका वाटतो. बोरॉन नायट्राइड हा रंगहीन, विजेस अडविणारा आणि अणूच्या मापाने सपाट असा पदार्थ. त्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये हा थर ठेवतात. दृश्य प्रकाश त्यातून विनाअडथळा जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अतिशीत तापमानात, असा कवचबद्ध थर पूर्वीच्या मानाने कितीतरी रेखीव प्रकाशरेषा देताना आढळला. जगभरच्या प्रयोगशाळांना लागणारे उत्तम बोरॉन नायट्राइडचे स्फटिक बव्हंशी जपानमधील त्सुकुबा येथील तानिगुची आणि वातानाबे या दोघांकडून जातात, हेही नमूद करावेसे वाटते. प्रचंड दाबाखाली ते स्फटिक वाढविले जातात.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख व त्यांचे विद्यार्थी अशाच अणुपातळ थरांच्या चळती रचून त्यांतील विद्युत्प्रवाहाचा अभ्यास करतात. त्यांना २०१५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला. मराठी माध्यमातील मुलांनी 'हे आपल्यासाठी नव्हे' असे म्हणू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

उरलेली अडचण मोठी आहे. चिकटपट्टीने सोललेले तुकडे केसाच्या जाडीपेक्षा फारसे रुंद नसतात, आणि कवच बसविताना थरांमध्ये मळ व पाणी अडकून बुडबुडे राहतात. वाफेपासून हातभर रुंद पापुद्रा वाढवून त्यावर तितकेच निर्मळ कवच चढविणे, हे काम अजून कोणाच्याही हाती पुरते आलेले नाही.