टर्बो जोडलेल्या इंजिनाचा उच्छ्वास
पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या, तरी ज्वलनाचा थोडा वायू क्रँककेसमध्ये उतरतोच. साध्या पेट्रोल इंजिनात इनटेक मॅनिफोल्डची ओढ तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून घेऊन पुन्हा जाळते. मागाहून टर्बो बसविला, की बूस्टच्या वेळी तेथेच वातावरणाहून अधिक दाब होतो. व्हॉल्व्ह पक्का मिटला नाही, तर हा दाब उलट क्रँककेसमध्ये शिरतो. मग ऑइल सील गळतात, डिपस्टिक उसळते, टर्बोतून चेंबरकडे परतणारे तेल अडते आणि निळा धूर निघतो. पुष्कळदा निर्दोष टर्बोच बदलला जातो! त्याआधी एकदिशा व्हॉल्व्ह तपासावा. टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टर व टर्बो यांमधील नळीपर्यंत रुंद ब्रीदर पाइप न्यावा, मध्ये तेल अडविणारा कॅच कॅन ठेवावा. तो वेळोवेळी रिकामा करावा लागतो.