खोकला बंद पडतो तेव्हा

खोकण्याआधी आपण नकळत घसा बंद करतो. स्वरतंतू मिटतात, छातीत दाब साठतो आणि ते उघडताच हवा कफाला घेऊन सुसाट बाहेर पडते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हे जमत नाही. श्वासासाठी घातलेली नळी स्वरतंतूंमधूनच खाली उतरलेली असते, ती त्यांना मिटू देत नाही. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस एरवी कफ वर ढकलत नेतात, पण नळीभोवतीचा फुगा तीही वाट अडवतो. हवा नाकातून न गेल्यामुळे तिला ऊब आणि ओलावा बाहेरून द्यावा लागतो. तो कमी पडला, की कफ घट्ट होऊन नळीला आतून धरतो.

प्रौढांच्या नळीचा आतला व्यास साधारण ७ ते ८ मिलिमीटर. हवा संथ वाहते असं धरलं, तर कफ साचून ८ची नळी ७ची होताच तिचा विरोध सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. ४ची झाली तर सोळापट होतो.

हा कफ किती जीवघेणा ठरतो, हे कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयाने १९५२च्या पोलिओच्या साथीत पाहिलं. सुरुवातीला यंत्राने श्वास दिलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांना गिळता येत नव्हतं. लाळ आणि कफ फुप्फुसांत उतरत होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन फुग्याची नळी बसवून घेतली, स्राव ओढून काढले आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. पुढे सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी आळीपाळीने अशा पिशव्या दाबल्या आणि मृत्यू झपाट्याने घटले.

आज आयसीयूत हे काम ‘सक्शन’ या नावाने रोज होतं. नळीत बारीक कॅथेटर सरकवायचा आणि बाहेर घेताना कफ ओढायचा. पण कफाबरोबर हवाही ओढली जाते. कागदी डब्यातला रस जोरात ओढला की डबा आत चेपतो, तशी फुप्फुसातली हवेची पिटुकली घरं मिटू शकतात. म्हणून कॅथेटरच्या बाजूने हवा आत यायला जागा हवी: त्याची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. कॅथेटरच्या नंबराला तीनने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. म्हणजे ८च्या नळीला १२ नंबरची मर्यादा. आधी जादा ऑक्सिजन द्यायचा आणि एक फेरी १५ सेकंदांत संपवायची. व्हेंटिलेटर न काढता वापरता येणारे बंद कॅथेटरही आता मिळतात.

पूर्वी कफ पातळ व्हावा म्हणून नळीत सलाइन सोडत. पण घट्ट कफ त्यात सहज मिसळत नाही, उलट ऑक्सिजन खाली येऊ शकतो. त्यामुळे सलाइन आता सरसकट वापरत नाहीत.

दर दोन तासांनी सक्शन करायची पद्धतही मागे पडली. ‘अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअर’च्या २०२२च्या शिफारशींनुसार ते गरजेपुरतंच करावं. गरज कशी ओळखायची? छातीत घरघर ऐकू येते, नळीत कफ दिसतो, व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचा हवेचा आलेख करवतीसारखा दातेरी होतो. सक्शननंतर सिस्टर पुन्हा स्टेथोस्कोप लावून आलेख पाहते. घरघर उरली असेल, तर रुग्णाचा ऑक्सिजन सावरू देऊन मगच दुसरी फेरी.

चार्टवर दर दोन तासांनी खूण करणं सोपं असतं. छाती ऐकून ‘आत्ता नको’ असं ठरवायला मात्र तयार कान लागतात.