गाडी बघायला गेलो, हिशोब करून आलो



मागच्या महिन्यात एका रविवारी रत्नागिरीत गाड्यांचं प्रदर्शन लागलं होतं. मी, माझी कॉलेजची मैत्रीण, आपल्या एका गटातल्या काकू आणि त्याच गटाच्या सचिव ताई, अशा चौघी बघायला गेलो. काकू आंबापोळी, कोकम आगळ आणि काजूगर विकतात. माल शहरात न्यायला त्यांना दर वेळी भाड्याचा टेम्पो लागतो. म्हणून त्यांच्या डोक्यात बरेच दिवस होतं, आपलाच एक तीनचाकी टेम्पो घ्यावा.

मैदानावर स्कूटर, मोटारी, टेम्पो, विजेवरच्या रिक्षा असं सगळं ओळीने उभं होतं. बाजूला कर्ज देणाऱ्यांची टेबलं. काकू एका टेम्पोत चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. तिथला मुलगा हसून म्हणाला, "काकू, मुलाला घेऊन या, त्याला दाखवतो." काकू म्हणाल्या, "गाडी मला हवी, मुलाला कशाला?" मग मात्र तो सगळं नीट सांगायला लागला. शेवटी म्हणाला, "आजच बुक केलंत तर सूट आहे." काकूंचा हात पर्सकडे गेला.

तेवढ्यात सचिव ताईंनी विचारलं, "दादा, व्याज घटत्या शिल्लकेवर की सरळ?"

तो म्हणाला, "फ्लॅट आहे मॅडम, फक्त १० टक्के."

ताईंनी मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर काढला आणि आमचं बुकिंग तिथेच थांबलं. असं प्रदर्शन तुमच्याही तालुक्याला लागेल, म्हणून तिथे काय काय विचारायचं ते लिहिते.

पाटीवरची किंमत ही पूर्ण किंमत नसते

पाटीवर मोठ्या अक्षरात असते ती शोरूमची किंमत. गाडी रस्त्यावर येईपर्यंत त्यात नोंदणीचा खर्च, रस्ता कर, विमा आणि वरच्या वस्तू मिळवल्या जातात. म्हणून विचारायचं, "ऑन रोड किती?" आणि उत्तर कागदावर, एकेका ओळीत लिहून घ्यायचं. "हँडलिंग" किंवा "इतर खर्च" असं लिहिलेलं असेल, तर ते कशाचे पैसे आहेत ते विचारा.

विमा कायद्याने लागतोच. नव्या दुचाकीला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा एकदम ५ वर्षांचा घ्यावा लागतो. पण तो दुकानदार सांगेल त्याच कंपनीकडून घ्यायची सक्ती नाही. दोन ठिकाणी दर विचारा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा आणि तीनचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. विजेवरच्या गाड्यांवर तो ५ टक्केच आहे. कोणी जुना दरपत्रक दाखवत असेल, तर हे लक्षात ठेवा.

हप्ता जमतो म्हणजे कर्ज स्वस्त, असं नाही

आपल्या गटात अंतर्गत कर्जाचं व्याज कसं लावतो? जेवढी मुद्दल शिल्लक, तेवढ्यावरच. म्हणजे घटत्या शिल्लकेवर. "फ्लॅट" व्याज तसं नसतं. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आलात, तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवर लागतं.

ताईंनी तिथे मांडलेला हिशोब असा. कर्ज १ लाख, मुदत ३ वर्षं, दर १० टक्के.

फ्लॅट असेल, तर व्याज ३०,००० रुपये आणि महिन्याचा हप्ता सुमारे ३,६११ रुपये.

घटत्या शिल्लकेवर असेल, तर व्याज सुमारे १६,२०० रुपये आणि हप्ता सुमारे ३,२२७ रुपये.

दोन्हीकडे तोंडाने "१० टक्के"च म्हणतात. फरक जवळपास १३,८०० रुपयांचा. आपल्या पद्धतीने मोजलं, तर तो फ्लॅट १० टक्के दर जवळपास १८ टक्के पडतो.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने किंवा फायनान्स कंपनीने असं कर्ज देताना एक साधं विवरणपत्र द्यायचं असतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, ते लिहिलेलं असतं. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा. तो कागद हातात येईपर्यंत कुठेही सही करू नका.

गाडी आपल्या रस्त्याला चालेल का?

मैदान सपाट असतं. आपल्या वाड्यांचे रस्ते तसे नाहीत. तिथे गाडी छान पळाली म्हणून आपल्या घाटीला चढेल असं नाही. म्हणून चालवून बघायची, तर माल भरून आणि चढावर.

विजेवरच्या गाडीची एका चार्जिंगमधली किलोमीटरची संख्या चाचणीत मोजलेली असते. ओझं आणि चढ असला की ती कमी भरते. म्हणून विचारा: भरलेल्या गाडीला किती किलोमीटर? बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची? नवी बॅटरी किती रुपयांना? दुरुस्ती रत्नागिरीत होते की कोल्हापूरला पाठवावी लागते?

काही विजेवरच्या दुचाकींना "लायसन्स लागत नाही" असं सांगतात. ज्यांची मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, त्यांच्यासाठी ते खरं आहे. पण एवढी छोटी मोटर दोन पोती घेऊन घाटी चढेल का, याचाही विचार करा.

आपल्याकडे चार महिने पाऊस आणि खारं वारं. पत्रा लवकर गंजतो. गाडीखाली गंजरोधक लेप आहे का, तेही वाकून बघा. आणि साडी नेसून सीटवर बसून बघा. पाय ब्रेकपर्यंत नीट पोचतोय ना?

गाडी कोणाच्या नावावर?

हे सगळ्यात महत्त्वाचं. कर्ज बाईच्या नावावर, जामीन गट आणि आरसी बुक मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर, असं आपल्याकडे किती ठिकाणी झालंय ते तुम्हाला माहीत आहे. हप्ता तुम्ही भरणार असाल, तर आरसी बुकवर नावही तुमचंच हवं. कर्ज असेपर्यंत आरसीवर बँकेचा बोजा असतो. ते फिटलं की बँकेकडून ना-हरकत दाखला घेऊन आरटीओतून तो बोजा उतरवून घ्यायला विसरू नका.

आणि लायसन्सही काढा. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवायला सुरुवात केली, तेव्हा बाईने रिक्षा चालवणं लोकांना पटतच नव्हतं. आज तशी अडचण नाही, पण आपण अजून मागे बसूनच प्रवास करतो.

मग काकूंनी गाडी घेतली का?

नाही. परत येताना एसटीत आम्ही त्यांचा हिशोब मांडला. आठवड्याला दोन फेऱ्या, फेरीला ५०० रुपये भाडं. महिन्याला ४,००० रुपये. समजा टेम्पोसाठी ३ लाखांचं कर्ज ४ वर्षांसाठी घेतलं आणि व्याज घटत्या शिल्लकेवर १० टक्के धरलं, तरी हप्ता ७,६०० रुपयांच्या वर जातो. त्यावर इंधन, विमा, दुरुस्ती वेगळी. एकट्या काकूंच्या मालाला गाडी परवडत नाही.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एकटीला नाही परवडत. पण वाडीतल्या सगळ्यांचा माल घेतला तर?"

हा प्रश्न खरा आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजना निवडक तालुक्यांत सुरू केली. त्यात बचत गटाच्या सदस्य गावातली प्रवासी गाडी चालवतात आणि गाडीसाठी गटांच्या संस्थेकडून बिनव्याजी कर्ज मिळतं. म्हणजे गटाच्या बाईने गाडी चालवून हप्ता फेडायचा, ही कल्पना काही नवी नाही.

म्हणून काकूंच्या ग्रामसंघात एक ठरलंय. पुढचा महिनाभर प्रत्येक सदस्याने वहीत लिहायचं: माल कधी नेला, किती किलो, कुठे, भाडं किती दिलं. महिन्याच्या शेवटी सगळ्या वह्यांची बेरीज करायची. बेरीज हप्ता आणि खर्चाच्या वर गेली, तर गाडीचा प्रस्ताव ग्रामसंघापुढे मांडायचा. नाही गेली, तर भाड्याचाच टेम्पो, पण सगळ्यांनी मिळून एका दिवशी ठरवायचा. त्यानेही पैसे वाचतीलच.

तुमच्या ग्रामसंघातही अशी वही सुरू करता येईल. पुढच्या बैठकीला मी येईन तेव्हा ती घेऊन बसू. आणि मधल्या काळात कोणी "आजच बुक करा" म्हणालं, तर सांगा, "आमची बैठक झाल्यावर कळवतो."

तुमची,
क्षेत्र समन्वयक