चंद्रपूरच्या उन्हात एसी शिकवताना

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांना रेफ्रिजरेशन शिकवायचं असेल, तर फळ्यावर चार चौकोन आणि बाण काढण्याआधी त्यांना कूलरपाशी न्यावं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकतो तेव्हा इकडे घरोघरी खिडकीला कूलर लागलेला असतो. ताट्या बदलणं, पंपातला कचरा काढणं ही कामं मुलांनी लहानपणापासून केलेली असतात. कोरडी, तापलेली हवा ओल्या ताटीतून ओढली जाते, ताटीतल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तेच पाणी नुसतं एक अंशाने तापवायला जेमतेम ४.२ किलोज्यूल पुरतात. हा फरक मनात पक्का बसला की अर्धा ट्रेड शिकून झाला, असं मी मानतो.

कूलरच्या मर्यादाही इथेच दाखवाव्यात. हवा ४५ अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर कूलर ती फार तर २६ अंशांपर्यंत उतरवू शकतो. प्रत्यक्षात हवा ३० च्या आसपास मिळते. जुलैत हवाच ओली झाली की ताटीतलं पाणी उडत नाही आणि खोली नुसती दमट होते. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला तरी तेच होतं, कारण ओली हवा बाहेर जायला वाट उरत नाही. शिवाय उडालेलं पाणी परत मिळत नाही, टाकी सारखी भरावी लागते. इथे मुलांना एक प्रश्न विचारून थांबावं: वाफ झालेला द्रव पुन्हा द्रव करून त्याच टाकीत आणता आला तर?

उत्तर दाबात आहे, आणि ते हाताने करून बघता येतं. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये साधारण ७० अंशांचं थोडं पाणी घ्यावं, आतली हवा काढून तोंड टोपीने घट्ट बंद करावं आणि दट्ट्या जोरात मागे ओढावा. पाणी खदखदू लागतं, खाली शेगडी नसताना. दट्ट्या सोडला की उकळणं थांबतं. उलट बाजू सगळ्यांना ठाऊक आहे: कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. पदार्थ कोणत्या तापमानाला उकळणार हे दाब ठरवतो. दाब आपल्या हातात असेल, तर उकळण्याचं तापमानही आपल्या हातात येतं.

आता पाण्याच्या जागी आर-१३४ए हा गॅस घेऊ. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो आणि दाब १६-१७ पट केला की ६० अंशांना. फ्रीजच्या आतल्या कॉइलमध्ये दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तिथे तो उणे २० अंशांच्या आसपास उकळतो आणि भाजी-दुधातली उष्णता ओढून घेतो. ती वाफ कॉम्प्रेसर शोषून दाबतो. दाबलेली वाफ चांगलीच तापते. मागच्या कंडेन्सरमध्ये ती खोलीच्या हवेपेक्षा गरम असते, म्हणून उष्णता हवेला देऊन पुन्हा द्रव होते. मग येते कॅपिलरी, आतून एक मिलिमीटरहूनही बारीक आणि दोन-तीन मीटर लांब. तिच्यातून जाताना दाब पडतो आणि द्रव पुन्हा थंड कॉइलमध्ये येतो. चक्र पूर्ण. एसीतही हेच चक्र फिरतं.

हे सांगून भागत नाही. चालू मशीनवर प्रत्येक नळीचं तापमान मुलांनी स्वतः घ्यायला हवं. कॉम्प्रेसरमधून निघणारी डिस्चार्ज लाइन चटका देते, म्हणून तिथे हात न लावता थर्मामीटरचा प्रोब लावावा. कंडेन्सरमधून निघणारी नळी कोमट, आणि एसीची कॉम्प्रेसरकडे परतणारी सक्शन लाइन गार, घामेजलेली. गेजवरचा दाब आणि नळीचं तापमान वहीत शेजारी-शेजारी लिहिलं की बिघाड कुठे आहे ते आकडेच सांगू लागतात.

एसीवर लिहिलेला टन म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवण्याइतकी उष्णता, सुमारे ३.५ किलोवॉट. ती खेचायला वीज साधारण एक किलोवॉट लागते. यंत्र उष्णता फक्त आतून बाहेर नेतं, म्हणून हा हिशेब जुळतो. म्हणूनच फ्रीजचं दार उघडं ठेवून खोली गार होत नाही, उलट तापते. पण टनाचा तो आकडा बाहेर ३५ अंश धरून काढलेला असतो. चंद्रपुरात बाहेर ४६ असताना कंडेन्सरला उष्णता टाकायची तर त्याहून बरंच गरम व्हावं लागतं. दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट घेतो आणि गारवा मात्र कमी मिळतो. त्यात आउटडोअर युनिट पश्चिमेच्या उन्हात, किंवा कंडेन्सरच्या फिन्समध्ये कोळशाची धूळ बसलेली. अशा वेळी ‘गॅस कमी झाला’ म्हणून गॅस भरणारा मेकॅनिक ग्राहकाचं नुकसान करतो, कारण दाब आणखी चढतो. बंद चक्रातला गॅस वापरून संपत नाही. खरंच कमी असेल तर कुठेतरी लीकेज आहे; आधी ते शोधून ब्रेझिंग करावं, व्हॅक्यूम करावं, मग वजन करून गॅस भरावा. फिन्स धुण्याचं काम मुलांना हलकं वाटतं, पण इथल्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो.

या ट्रेडचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर एसीच्या आधी गडचिरोलीतलं भामरागड येतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तालुक्याचा संपर्क तुटतो, वीजही जाते. लसी मात्र २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात. म्हणून आरोग्य केंद्रांत आयएलआर असतो, म्हणजे भिंतींत बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो आणि तोवर शून्याच्या वर जात नाही, त्यामुळे दिवसाला ८ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान टिकतं. दार वरच्या बाजूला असतं, कारण गार हवा जड असते. झाकण उघडलं तरी ती सांडत नाही. गार हवा तळाशी साचते, म्हणून पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस-बीच्या कुप्या थेट तळाशी ठेवायच्या नाहीत, टोपलीतच ठेवायच्या. या लसी उन्हाइतक्याच गोठण्याने बिघडतात, आणि नंतर वितळवून उपयोग नसतो.

म्हणून डीप फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक लगेच लसीच्या डब्यात घालत नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवून तो कानाशी हलवून बघायचा. आत पाण्याचा आवाज आला म्हणजे पॅक शून्यावर आला, मगच डब्यात. असं का, हे ज्या विद्यार्थ्याला बर्फाच्या सुप्त उष्णतेवरून सांगता येतं, त्याला शीतसाखळीचं काम द्यायला हरकत नाही.