लोडरच्या बकेटला आकडे जोडताना



ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला, की त्याचं काम शेणखत भरण्यापुरतं राहत नाही. पाण्याची मोटर हलवायची असते, पेरणीयंत्र ट्रॉलीत चढवायचं असतं, बांधावरचा दगड सारायचा असतो. बरेच जण अशा वेळी साखळी बकेटच्या दातालाच गुंडाळतात. बकेट जराशी कलंडली की साखळी सटकते, आणि खाली कुणाचा पाय असला तर तो गेलाच समजा. त्यापेक्षा बकेटवर पक्के आकडे जोडून घेणं बरं. मात्र ते कुठे आणि कशावर जोडायचे, हे सगळं वेल्डरवर सोडू नका. त्याला वेल्डिंग कळतं, तुम्ही काय उचलणार ते तुम्हालाच ठाऊक.

आकडा उखडला, की आपण म्हणतो वेल्डिंग कच्चं होतं. पुष्कळदा तसं नसतं. ६ मिलिमीटरचा चांगला टाका दर सेंटिमीटर लांबीला हिशेबाने सुमारे ४०० किलोचा ताण पेलतो. आकड्याच्या बुडाभोवती असे १५-२० सेंटिमीटर टाके सहज बसतात. तेव्हा फाटतो तो बहुधा खालचा पत्रा. पातळ पत्र्यावर आकडा बसवला तर भार आला की पत्रा वाकतो, उतरला की परत येतो. असं होता होता टाक्याच्या कडेने केसासारखी चीर धरते, आणि एक दिवस आकडा पत्र्याचा तुकडा घेऊनच बाहेर येतो.

म्हणून जागा निवडा ती बकेटच्या वरच्या कडेची, जिथे कंपनीने जाड पट्टी किंवा चौकोनी नळी दिलेली असते. दोन आकडे दोन्ही टोकांना, बाजूच्या उभ्या पाट्यांच्या डोक्यावर, एक मध्यभागी. प्रत्येकाखाली १० ते १२ मिलिमीटर जाड साध्या लोखंडाची पाटी घाला. ती आकड्याच्या बुडापेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठी हवी आणि कोपरे गोल केलेले हवेत. खालच्या धारेच्या पट्टीवर आकडा जोडू नका. ते पोलाद कठीण असतं, वेल्डिंगच्या कडेला तडकतं.

आकडा विकतचाच घ्या, वेल्डिंगसाठी बनवलेला, वजनाची मर्यादा कोरलेला आणि खटका असलेला. घरी पडलेली टीएमटी सळई वाकवून आकडा करण्याचा मोह होतो. पण त्या सळईची ताकद कारखान्यात पाणी मारून कडक केलेल्या बाहेरच्या थरात असते. तापवून वाकवली की ती ताकद जाते. जुन्या कमानीच्या पाट्याचा आकडा तर काचेसारखा मोडतो.

आता प्रत्यक्ष काम. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, आधी ऋण टोकाची. अर्थिंगचा चिमटा बकेटलाच लावा, तोही टाक्याच्या जवळ. चिमटा ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लावला तर वीज पिना-बुशांमधून आणि सिलिंडरमधून जाते आणि तिथे खड्डे पाडते. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर आणि तेलाच्या नळ्यांवर ओलं पोतं टाका. दांड्यावर ठिणगी चिकटली की पुढे सील फाटतं. जवळ कडबा, भुसा नको. पाण्याची बादली हवी.

रंग आणि गंज ग्राइंडरने घासून लोखंड उघडं करा. जस्ताचा मुलामा असेल तर तोही काढा, त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. रॉड ७०१८ क्रमांकाचा आणि कोरडा असावा. पावसाळ्यात उघडा पडलेला ओलसर रॉड वापरला तर टाका आतून तडकतो. आधी फक्त दोन टाके मारून आकडा धरवा, रिकामी साखळी अडकवा, तारा जोडून बकेट पुढे-मागे कलंडवून पाहा. दोन्ही स्थितींत साखळी आकड्यात राहते ना? मग तारा पुन्हा सोडून पुरतं वेल्डिंग करा. आणि लाल टाक्यावर पाणी ओतू नका! आपापला थंड होऊ द्या.

आकडे पक्के झाले म्हणजे लोडरची ताकद वाढली, असं नव्हे. पुस्तिकेत दिलेलं वजन बहुधा बकेटच्या पिनांपाशी मोजलेलं असतं; आकडा त्याच्या पुढे असला की तेवढं उचलत नाही. मागे वजन बांधा, नाहीतर मागची चाकं हलकी होऊन ट्रॅक्टर तोंडावर येतो. एका टोकाच्या आकड्यावर जड भार टांगू नका, लोडरचे हात पिळतात. दोन आकड्यांतून एकच वस्तू उचलताना साखळ्या फार फाकवू नका. त्यांच्यातला कोन १२० अंश झाला, तर प्रत्येक साखळीवर पुरता भार येतो. भार जमिनीलगत ठेवून सावकाश चाला. खुंट उपटायला किंवा रुतलेली ट्रॉली हिसक्याने ओढायला हे आकडे वापरू नका, आणि टांगलेल्या भाराखाली कुणी जाऊ नये, गडी असो की मालक.

पहिल्यांदा हलकं वजन वीतभर उचलून टाके न्याहाळा. नंतर महिन्याला एकदा चिखल धुऊन बघा. चीर दिसली तर तिच्यावर दुसरा टाका चढवू नका. आकडा पाटीसकट काढा, तळचा पत्रा तपासा आणि नवी पाटी घालून पुन्हा जोडा.